रुजू झाल्याची तारीख : परदेशातल्या मराठी उद्योजकांना खुले पत्र

परदेशात कंपनी काढून इंदूरला माणसं नेमणाऱ्या मराठी बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची. बावीस वर्षांपासून लहान-मोठ्या आस्थापनांची पगारपत्रकं करते, पीएफची चलनं भरते, कर्मचारी विम्याची, म्हणजे ईएसआयची, खाती उघडून देते, श्रम कार्यालयाच्या पायऱ्या चढते. राजधानी भोपाळ असली तरी मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदूरलाच आहे, त्यामुळे या पायऱ्या मला फार दूर नाहीत. पूर्वी माझ्याकडे पीथमपूरचे कारखानदार आणि सियागंजचे व्यापारी यायचे. गेल्या सहा-सात वर्षांत तुम्ही यायला लागलात. कंपनी अमेरिकेत, जर्मनीत नाही तर दुबईत; कामाची मुलं-मुली मात्र सुदामा नगर, लोकमान्य नगर, विजय नगरातल्या घरांत, खोलीचं दार लावून कानाला हेडफोन लावलेली.

दिवाळीत तुमच्यापैकी एक जण माझ्याकडे आले होते. त्यांचं नाव किंवा कंपनी सांगणार नाही, कारण हे पत्र त्यांच्या एकट्यासाठी नाही. मूळचे इंदूरचे, आईला भेटायला आलेले. इथं त्यांची १४ मुलं-मुली कामाला आहेत, काही जण चार वर्षांहून जास्त. सगळे कागदोपत्री ‘कंत्राटदार’: दर महिन्याला बिल पाठवायचं, डॉलर खात्यात यायचे. आता तिकडच्या गुंतवणूकदारांनी कागदपत्रं मागितली म्हणून सगळ्यांना रीतसर नोकरीवर घ्यायचं ठरलं होतं. मला मनापासून आनंद झाला. मी यादी मागितली: नाव, जन्मतारीख, आधार, पॅन, बँक खातं, रुजू झाल्याची तारीख.

यादी दोन दिवसांत आली. शेवटच्या रकान्यात चौदाही जणांची तारीख एकच होती, येणाऱ्या महिन्याची एक.

मी फोन केला. ते म्हणाले, “काकू, मागचं कशाला उकरायचं? सगळी आपलीच मुलं आहेत, कोणी काही बोलणार नाही.”

कोणी बोललं नाही, हे खरं. त्यातली निम्मी मुलं मला ओळखतात, तरी माझ्याशीसुद्धा त्यांनी विषय काढला नाही. म्हणून मी बोलते आहे.

‘आपलीच मुलं’ हे शब्द मला लागले. इंदूरची मराठी माणसं एकमेकांना धरून राहतात. मल्हारराव होळकरांच्या काळापासून इथं आलो, हिंदीत बाजार केला, मराठीत घर केलं. नोकरीसुद्धा अशीच मिळते. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात कोणी सांगतं, अमक्याचा भाचा अमेरिकेत आहे, त्याला सॉफ्टवेअर तपासायला, टेस्टिंगला, मुलगी हवी आहे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल, तिसऱ्या दिवशी काम सुरू. ओळखीवर विश्वास बसतो, काम लवकर लागतं, यात वाईट काही नाही. पण त्याच ओळखीमुळे मुलगी नेमणूकपत्र मागत नाही. मागितलं तर मामा काय म्हणतील, वहिनींना काय वाटेल! आणि तुम्हीही देत नाही, कारण आपल्या माणसाला कागद कशाला? अनोळखी कंपनीला याच मुलीने पहिल्या दिवशी ऑफर लेटर मागितलं असतं.

आता कायद्याचं बोलू. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा असा समज आहे, की करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहिलं, खाली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा कायदा लागू राहील असं लिहिलं, की झालं. तसं होत नाही. माणूस नोकर आहे की कंत्राटदार, हे करारातल्या शब्दावर ठरत नाही, कामाच्या पद्धतीवर ठरतं. आपल्याकडे हे फार पूर्वी ठरलेलं आहे. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आंध्र प्रदेशातल्या एका शिवणकामाच्या दुकानाचा, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला आला. तिथले शिंपी नगावर मजुरी घेत. येण्या-जाण्याची वेळ त्यांच्यावर सक्तीची नव्हती, काही जण कापड घरीही नेत. मालक म्हणाला, हे माझे नोकर कसले? न्यायालयाने पाहिलं, की शिवणयंत्रं दुकानाची आहेत, आणि शिलाई पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा करून घेण्याचा अधिकार मालकाचा आहे. शिंपी नोकर ठरले.

आता तुमच्याकडच्या मुलाचा दिवस बघा. लॅपटॉप कंपनीचा, कुरिअरने आलेला. ईमेल कंपनीचा. सकाळी नऊला तुमच्याकडे मीटिंग. कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा इंदूरला उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. हजर राहणं सक्तीचं. रजा हवी तर आधी विचारायचं. दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही. केलेलं काम तुम्ही तपासता, नापसंत पडलं तर पुन्हा करायला लावता. त्या शिंप्याला निदान यायची वेळ सुटी होती, याला तीही नाही.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींना हे मी नव्याने सांगायला नको. तुमच्या राज्यात २०२० पासून तीन कसोट्यांचा कायदा आहे: माणूस तुमच्या नियंत्रणाबाहेर असावा, त्याचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं असावं, त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय असावा. तिन्ही सिद्ध झाल्याशिवाय त्याला कंत्राटदार म्हणता येत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तुम्ही असं वागवणार नाही. आणि तुमचा किमान वेतन व ओव्हरटाइमचा कायदा अमेरिकेबाहेर बसून केलेल्या कामाला लागत नाही. म्हणजे तिकडच्या कायद्याने ही मुलगी तुमची कोणी नाही, आणि इकडच्या कायद्याने ती तुमची आहे असं तुम्ही कागदावर येऊ दिलेलं नाही.

त्या चौदा जणांत एक मुलगी आहे, जिला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहते. चार वर्षांपूर्वी कामाला लागली, तेव्हापासून महिन्याचं एक बिल चुकवलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिला सातवा महिना लागला आणि एक मेल आला. फार गोड भाषेतला मेल होता, मी वाचला आहे. तब्येतीची काळजी घे, बाळाला आशीर्वाद, कंत्राट या महिनाअखेर थांबवत आहोत, तयार झालीस की कळव. पाच महिन्यांनी तिनं कळवलं, नव्या तारखेचं नवं कंत्राट झालं. त्या पाच महिन्यांत एक रुपया आला नाही. तिच्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, “हिला ऑफिसातून काही मिळत नाही का हो?” मी त्यांना खरं उत्तर द्यायचं टाळलं. त्याची मला आजही लाज वाटते.

खरं उत्तर असं होतं. तेव्हा त्या कंपनीची इंदूरात अकरा माणसं होती. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला प्रसूती रजेचा कायदा लागतो. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. २०१७ च्या आधी ती १२ आठवडे होती. गरोदर बाईला त्या काळात कामावरून काढता येत नाही. तिच्या हातात सहा महिन्यांचा पगार यायला हवा होता. तिला मिळाला मेल आणि, हो, बाळासाठी भेटवस्तूंचा एक खोका. तिनं त्या खोक्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर लावला होता. मनापासून लावला होता, तिला खरंच बरं वाटलं होतं. आणि पाठवणाऱ्यांनीही मनापासूनच पाठवला असणार. वाईट माणसांबद्दल मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

लहान गोष्टीही आहेत. एका मुलाला निपानियाला फ्लॅट घ्यायचा होता. उत्पन्न त्याच्या वयाच्या कुठल्याही बँक कर्मचाऱ्यापेक्षा जास्त. बँकेने पगारपत्रक मागितलं, फॉर्म १६ मागितला, नोकरीचं पत्र मागितलं. त्याच्याकडे होती बिलं आणि परदेशातून पैसे आल्याच्या नोंदी. शेवटी निवृत्त वडिलांना सहअर्जदार करून कमी कर्ज मिळालं. दुसऱ्या एका मुलाला नवीन नोकरीत अनुभवाचा पुरावा मागितला, तेव्हा त्याने तुमच्यातल्या एकाला पत्र मागितलं. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं ‘विक्रेता’, म्हणजे व्हेंडर. तीन वर्षं रात्रीचा दिवस करून मुलगा विक्रेता ठरला.

तुम्ही म्हणाल, काकू, मुलांनाच हे हवं असतं. हे अगदीच खोटं नाही, आणि मी ते लपवणार नाही. व्यावसायिक म्हणून कर भरला तर ठरावीक व्यवसायांना, त्यात माहिती तंत्रज्ञानही आलं, एकूण जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे. जवळजवळ सगळी रक्कम बँकेतून येत असेल तर ७५ लाखांपर्यंत ही सोय मिळते. पंचवीस वर्षांच्या मुलाला हातात येणारा आकडा दिसतो आणि तो आनंदाने कंत्राटदार होतो. त्याला पीएफ म्हणजे कापला जाणारा पैसा वाटतो. पण ती सोय खऱ्या व्यवसायासाठी आहे. एकाच मालकाचं, त्याच्या वेळेत, त्याच्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या जमेला उद्या कर अधिकाऱ्याने पगार म्हटलं, तर मागचा कर आणि व्याज तो मुलगा भरेल, तुम्ही नाही. शिवाय वर्षाला २० लाखांच्या वर जमा गेली की जीएसटीची नोंदणी आली, निर्यातीचं हमीपत्र आलं, विवरणपत्रं आली. नोकराच्या पगाराला जीएसटीचा संबंधच नसतो. तेवीस वर्षांच्या मुलाला तुम्ही नकळत दुकानदार केलंत आणि दुकानाची जोखीम त्याच्या गळ्यात घातलीत. वयाने आणि अनुभवाने मोठे तुम्ही आहात. त्याला हवं होतं म्हणून दिलं, हे उत्तर मोठ्यांनी द्यायचं नसतं.

तुमच्या बाजूनेही बघा, कारण यात तुमचंही नुकसान आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. कंत्राटदाराने लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक तो स्वतः असतो, जोवर तो सही करून लेखी हक्क देत नाही तोवर. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. त्या दिवाळीच्या पाहुण्यांची जुनी कंत्राटं मी वाचली. कुठेतरी नेटवरून उतरवलेला दोन पानांचा मसुदा, त्यात हक्कांची एक ओळ, मुदत नाही, प्रदेश नाही. ज्या सॉफ्टवेअरवर त्यांची कंपनी उभी आहे त्याची मालकी अशी धूसर आहे. गुंतवणूकदारांनी कागद मागितले ते उगीच नाही. अनेकांच्या करारात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ असंही कलम असतं. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम असली अट मानत नाही. उगाच मुलांना भीती घालू नका.

दुसरी गोष्ट कराची. इंदूरला बसलेला तुमचा माणूस तुमच्या वतीने ग्राहकांशी सौदे पक्के करत असेल, तर कर करारांच्या भाषेत तुमचं इथं ‘कायम आस्थापन’ आहे असं धरलं जाऊ शकतं. मग त्याच्यामुळे झालेल्या नफ्यावर भारतात कर लागतो आणि परदेशी कंपनीसाठी दर आहे ३५ टक्के, वर अधिभार वेगळा. टेस्टिंग करणाऱ्या मुलीमुळे हे सहसा होत नाही. विक्री सांभाळणाऱ्यामुळे होऊ शकतं. आणि ‘आमचा इंडिया हेड’ असं आपण प्रेमाने त्याच्या ईमेलखाली लिहितो, तेव्हा आपण स्वतःविरुद्ध पुरावा लिहीत असतो.

मग करायचं काय? माणसं सात-आठच्या पुढे जाणार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: इथं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा. सॉफ्टवेअरच्या कामात शंभर टक्के परदेशी भांडवल सरकारी परवानगीवाचून आणता येतं. दोन भागधारक लागतात, दोन संचालक लागतात, त्यातला एक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा हवा. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं. दरवर्षी ऑडिट लागतं. रहिवासी संचालक म्हणून तुमच्या सत्तरीच्या वडिलांचं नाव टाकू नका, एवढी विनंती. नोटीस आली की ते माझ्याकडे घाबरून येतात, आणि रक्तदाब त्यांचा वाढतो.

दोन-चारच माणसं असतील तर तिसऱ्या कंपनीमार्फत नेमण्याची पद्धत आहे, तिला हल्ली ईओआर म्हणतात. कागदावर मालक ती कंपनी. पगार, टीडीएस, पीएफ ती पाहते, काम तुम्ही घेता, दरमाणशी दरमहा फी देता. सुरुवातीला बरं आहे. पण मधे माणूस घातला म्हणून जबाबदारी विरघळते असं समजू नका. केरळातल्या दोरखंडाच्या एका कारखान्याने कंत्राटदारांमार्फत मजूर ठेवले होते. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी पडदा बाजूला करून पाहिलं आणि सांगितलं, ज्याच्या धंद्यासाठी ही माणसं राबतात तोच त्यांचा मालक. नुकत्याच लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही मुख्य कामासाठी कंत्राटी माणसं ठेवायला मर्यादा घातल्या आहेत. आणि ईओआर कंपनी बदलताना आधीच्या वर्षांची सेवा नव्या कागदावर येते की नाही, हे लेखी घ्या. मी इथं दोनदा पाहिलं, ती हवेत विरली.

खरा कंत्राटदारही असतोच. चार ग्राहकांचं काम करणारी, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळेत करून देणारी डिझायनर असेल तर तिच्याशी कंत्राटच करा. ती मजेत आहे, तिला माझी गरज नाही.

खर्चाचं भय मोठं असतं, तेव्हा एक हिशेब मांडते. महिना ८०,००० चा पगार धरा. नव्या संहितेप्रमाणे ‘वेतन’ एकूण मोबदल्याच्या किमान निम्मं धरावं लागतं, म्हणजे ४०,०००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर दिला तर तुमचा हिस्सा १२ टक्के, १,८०० रुपये. त्यातूनच त्याच्या पेन्शनचा भाग जातो. विम्याचा आणि प्रशासनाचा खर्च मिळून १५० रुपये. त्या विम्यात नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांची, महिन्याचे २६ दिवस धरून, म्हणजे वर्षाला २३,०७७, महिन्याला साधारण १,९२३. सगळं मिळून ३,८७३ रुपये. पन्नास डॉलरसुद्धा नाहीत. ८०,००० देणाऱ्याला हे जड आहे असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. व्यवसाय कर तर तुम्ही कापून भरायचा, वर्षाला फार तर २,५०० रुपये, त्याची चर्चाही नको.

पीएफ सक्तीचा होतो २० माणसांवर. चौदा माणसांच्या कंपनीला तो सक्तीचा नाही, हे मी प्रामाणिकपणे त्यांना सांगितलं. माणसांच्या संमतीने स्वेच्छेने घेता येतो, आणि घ्यावा असं मला वाटतं. ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती मात्र दहापासून लागतात. घरून काम आहे म्हणून समिती नको, असं नाही. रात्री अकराच्या कॉलवर काय बोललं जातं हे तिथं बसलेल्या मुलीलाच माहीत असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या आहेत. त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, पगार पुढच्या महिन्याच्या सातच्या आत, नोकरी सुटल्यावर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हिस्सा आहे. कायमच्या नोकरीत अजून पाच वर्षंच.

ही पाच वर्षं लक्षात ठेवा, त्यासाठीच मी ती तारीख उकरते आहे. ज्या मुलाला चार वर्षं दोन महिने झालेत, त्याला तुम्ही आज नवा केलात तर त्याची पाच वर्षं आजपासून सुरू होतात. दहा महिन्यांवर आलेला हक्क पाच वर्षं लांब गेला. ४०,००० वेतनावर पाच वर्षांचे १,१५,३८५ रुपये होतात. तुमच्या ताळेबंदात तो आकडा शोधावा लागेल. त्याच्या घरात तो बहिणीच्या लग्नातला मोठा खर्च आहे.

आणि हे शहर काय पाहून बसलं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातले बरेच जण इथंच वाढलात. हुकुमचंद मिल ही इथली कापड गिरणी १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. सुमारे २२४ कोटी रुपये, सुमारे ४,८०० कामगारांसाठी. एकतीस वर्षं. त्या रांगेत कामगारांपेक्षा त्यांच्या विधवा आणि मुलं जास्त दिसली असं मी इथं ज्याला-त्याला म्हणताना ऐकलं. मी त्यातून एक गोष्ट माझ्या धंद्याची म्हणून उचलली: त्यांची नावं मिलच्या दप्तरात होती. कोण कधी लागलं, किती वर्षं राबलं, हे कुठेतरी शाईने लिहिलेलं होतं, म्हणून एकतीस वर्षांनी का होईना मागायला जागा होती. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, अजून निघतात, मिल बंद झाल्या तरी. तुमच्या चौदा जणांची नावं इंदूरच्या कुठल्याच दप्तरात नाहीत. तुमची कंपनी उद्या विकली गेली, बंद पडली, तर ती कुठे उभी राहणार? डेलावेअरला?

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडे कामाला जाण्यासाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. राज्य सरकारनेही त्याच वर्षी परदेशी कंपन्यांच्या केंद्रांसाठी वेगळं धोरण आणलं. माझ्या अंदाजाने आता माणूस तिकडे नेण्यापेक्षा काम इकडे पाठवणं वाढेल, आणि सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांच्या मोठ्या इमारतींपेक्षा जास्त काम इथल्या घरांतल्या खोल्यांत येईल. मोठ्या कंपन्यांना वकील असतात. तुमच्यासारख्या दहा-पंधरा माणसांच्या कंपन्याच इथली रीत पाडणार आहेत, चांगली किंवा दुसरी. म्हणून हे पत्र मोठ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

एक छोटं मागणंही आहे. सुट्ट्यांच्या यादीत थँक्सगिव्हिंग घालता, तशी रंगपंचमी घाला. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, अख्खं शहर रस्त्यावर असतं, आणि तुमची मुलं रंगलेल्या हातांनी लॅपटॉपजवळ परत धावतात. मागच्या वर्षी माझ्या शेजारचा मुलगा असाच पळाला.

ती यादी अजून माझ्याकडे आहे. मी चौदा जणांना एकेक करून फोन केला आणि विचारलं, पहिलं बिल कोणत्या महिन्याचं? सगळ्यांना लगेच आठवलं. एकाने तर पहिल्या मीटिंगचा स्क्रीनशॉट पाठवला. त्या तारखा मी शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिल्या आहेत. जिचं कंत्राट सातव्या महिन्यात थांबवलं होतं, तिने दोन तारखा सांगितल्या, चार वर्षांपूर्वीची आणि बाळानंतरची, आणि विचारलं, “काकू, कोणती धरायची?” मी पहिली धरली. मधले पाच महिने म्हणजे साधारण २२ आठवडे होतात. २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सलग सेवा मानली जाते. ते तुटणं नव्हतं, ती रजा होती, आणि तिचा पगार देणं बाकी आहे. तेही मी समासात लिहिलं आहे.

ही यादी मी ज्यांची आहे त्यांना परत पाठवते आहे. तुमच्यापैकी बाकीच्यांनीही आपापली काढा. पेन्सिलीवर शाई फिरवून द्या, सही करा, मी नेमणूकपत्रं तयार करायला बसते.

आपली,
इंदूरची एक पगारपत्रक लिहिणारी